घोणशीसाठी रस्ता अडवणारे सर

मालनकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि शेंगदाण्याची चटणी कुर्त्यावर सांडली म्हणून स्वतःवरच चरफडत होते. काकू आपण होऊन कधी फोन करत नाहीत. फोन करायचा तो सरांनी, आणि काकूंनी मागून काय सांगायचं ते ओरडून सांगायचं, अशी त्या घरची पद्धत. त्यामुळे स्क्रीनवर सरांचं नाव आणि कानाला काकूंचा आवाज, हे जुळेपर्यंत मला क्षणभर वेळच लागला. "वैशाली, सर गेले," त्या म्हणाल्या. "दुपारचे जेवले, जरा पडतो म्हनले, न्हाई उठले." मग थोडं थांबून, अगदी रोजच्या आवाजात... "तू ये. पन दमानं ये. रस्त्यात घाई करू नको."

नवरा जाऊन तासही झाला नसेल आणि ही बाई मला गाडी हळू चालवायला सांगते. मी डबा तसाच टाकून निघाले. कारखान्यापासून सरांच्या घरापर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपतच नव्हता. घराच्या अलीकडच्या वळणावर पाहते तर गाड्यांची ही रांग! आणि काय सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की सर पुढे उभे असणार. हात वर करून, तोंडात शिट्टी धरून. प्रत्यक्षात एक काँक्रीटचा मिक्सर वळताना अडकला होता. तोवर मी रडले नव्हते. मिक्सर बघितला आणि रडू फुटलं.

दिनकर सर म्हणजे मुळशीतल्या शाळांमधून उभा जन्म पीटी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. घोटावड्याच्या वेशीवर त्यांचं घर, आणि घराच्या कुंपणाला अगदी खेटून तो हिंजवडीकडे जाणारा रस्ता. माझा त्यांचा रक्ताचा काही संबंध नाही. आम्ही सोलापूरकडची माणसं. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली, तिथंच जवळ चांद्याला फ्लॅट घेतला, आणि मला घोटावड्याजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं. सगळं जग सकाळी हिंजवडीकडे तोंड करून निघतं आणि मी उलट्या दिशेनं, त्यामुळे मला ट्रॅफिक लागत नाही असा माझा मोठा तोरा होता. तो सरांनी पहिल्याच थंडीत उतरवला.

नोकरीला नवीनच लागले होते. संध्याकाळची वेळ, घरी पाहुणे यायचे होते, आणि वळणावर बघते तर एक पांढरी जुनी व्हॅन रस्त्यात आडवी. पिवळे दिवे लुकलुकतायत. तिच्यापुढे ट्रॅकपँट, स्वेटर, डोक्याला माकडटोपी अशा थाटात एक उंच म्हातारा, शाळेतल्या कवायतीला उभा राहावा तसा ताठ. मला वाटलं अपघात झाला. मग वाटलं, कुणी मंत्री जाणार असेल. थोडा वेळ हॉर्न वाजवून बघितला. शेवटी उतरले आणि आमच्या सोलापुरी आवाजात विचारलं, रस्ता काय तुमच्या आजोबांचा आहे का? सर शिट्टी तोंडातून काढून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "नाही मॅडम. आजोबांचं शेत होतं. रस्ता नंतर झाला." आणि त्यांनी बोट दाखवलं.

डांबरावर मनगटाएवढ्या जाडीचं काहीतरी होतं. अंगावर साखळीसारखे गोल गोल ठिपके. मी बघितलं, ते हललं, आणि पुढच्या क्षणी मी माझ्या गाडीत होते, चारही काचा वर, चारही दारं लॉक... जणू ते हँडल फिरवून आत येणार होतं. घोणस होती ती. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा फुसफुसाट होतो तसा तिचा आवाज बंद काचेतूनही ऐकू येत होता. तिनं रस्ता ओलांडायला हवा तेवढा वेळ घेतला. पलीकडच्या गवतात शिरली तेव्हा सरांनी शिट्टी फुंकली, हातानं इशारा केला आणि रांग सुटली. मी शेजारून जाताना त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि म्हणाले की आवाज चांगला आहे तुमचा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. माझा संताप झाला होता, पण घरी पोचेपर्यंत मी हसत होते.

तिथून आमची ओळख वाढली. त्यांनी मला मॅडमवरून पोरीवर आणायला फार दिवस लावले नाहीत. एक सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल: सर सापांचे जाणकार अजिबात नव्हते. साप पकडणं सोडाच, त्यांना सापाची भयंकर भीती वाटायची. जरा कुठे फुत्कार ऐकू आला की हा सहा फुटी माणूस व्हॅनच्या पायरीवर चढून दाराला धरून उभा राहायचा, आणि वरूनच ट्रॅफिक सांभाळायचा. ओळखण्याच्या बाबतीत तर आनंदच होता. जाड दिसला की घोणस, लांब दिसला की धामण, आणि फणा काढला तर नाग, एवढीच त्यांची विद्या. पिरंगुटचा एक सर्पमित्र त्यांना हसायचा. सरही हसायचे. आपण सापाचे कुणी नाही, म्हणायचे, आपण रस्त्याचे पीटी मास्तर. थंडीत दिवस मावळला की गार पडलेल्या गवतातून साप डांबरावर येतात, कारण डांबर दिवसभर तापलेलं असतं आणि अंग शेकायला बरं वाटतं. आणि नेमकी तीच वेळ कंपन्या सुटायची. या दोन गर्द्यांमध्ये भांडण लागू नये एवढंच आपलं काम, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नियम मात्र एकच आणि पोलादी होता. सापाला हात लावायचा नाही, काठीनं सारायचं नाही, हुसकायचं नाही. त्याला ज्या बाजूला जायचं असेल त्या बाजूला त्याच्या मर्जीनं जाऊ द्यायचं, आणि तोवर थांबायचं. एकदा एका मोटरसायकलवाल्यानं उत्साहानं फांदी आणली, धामणीला कडेला ढकलतो म्हणून, तर सर त्याच्यावर असे कडाडले की तो फांदी टाकून सरळ उभाच राहिला. एरवी आवाज न चढवणारा हा माणूस तेवढ्या एका गोष्टीवर इतका का पेटतो, याचं मला नवल वाटायचं.

फजिती तर वारंवार व्हायची. एकदा रस्त्यात काळाकुट्ट साप पडलेला. सरांनी नेहमीप्रमाणे व्हॅन आडवी घातली. मागे कंपन्यांच्या बसेस, टँकर, दुचाक्या, सगळं ठप्प. बसमधली पोरं खाली उतरून मोबाइलवर शूटिंग करतायत. साप काही हलेना. सर सगळ्यांना समजावतायत की अजून अंग शेकतोय, थोडा धीर धरा. बराच वेळ गेला. अखेर एका बसचा ड्रायव्हर, मिश्राजी त्याचं नाव, कंटाळून पुढे आला, खाली वाकला आणि त्यानं तो साप शेपटीला धरून वर उचलला. बायका किंचाळल्या. तो ट्रकचा तुटलेला फॅनबेल्ट होता. "सर जी, ये तो पट्टा है," मिश्राजी म्हणाला. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून पळाला असता. सरांनी शांतपणे पट्टा हातात घेतला, उलटसुलट बघितला, शिट्टी फुंकली आणि मोठ्यानं जाहीर केलं, "सराव होता. उत्तम झाला. विसर्जन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मी स्वतः वाजवल्या. तेव्हापासून मिश्राजी त्यांचा पक्का दोस्त झाला. लांबून व्हॅनचे दिवे दिसले की तो आपली बस आडवी घालून मागच्यांना रोखून धरायचा.

हळूहळू मी त्यांच्या घरी थांबायला लागले. निमित्त इंद्रायणी तांदळाचं, खरं कारण मालनकाकूंच्या हातचा चहा आणि त्या दोघांचं भांडण. नाटकाला तिकीट काढून जावं तसं मी त्या भांडणाला जायचे. काकूंचा उजवा पाय अधू आहे. सर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी कुंपणाच्या आत गोवऱ्या भरताना त्यांना घोणस चावली होती, घोट्याच्या जरा वर. पाय मांडीपर्यंत सुजला, किडन्या जायची वेळ आली, दवाखान्यातून माघारी येतात की नाही असं झालं होतं. त्या आल्या, पण पाय तसाच राहिला. आणि त्याच बाईचा नवरा रोज संध्याकाळी घोणशींना रस्ता मोकळा करून द्यायला जातो म्हटल्यावर गावानं तोंडात बोटं घातली. बायकोला डसली तिचीच वाट राखताय, मास्तर?

सरांचं उत्तर ठरलेलं असे. शेजाऱ्यांनी ती घोणस मारली तेव्हा सगळ्यांनी बघितलं होतं, तिचं शेपटाकडचं अंग चिरडलेलं होतं. टायरखाली सापडली होती बिचारी. धडधाकट साप रस्ता ओलांडून डोंगराला जातो, आपल्याकडे ढुंकून बघत नाही. अर्धा मेलेला साप जवळच्या अंगणात शिरतो आणि हात-पाय आला की चावतो. म्हणजे दोष टायरचा. यावर काकू चहाचं भांडं दाणकन खाली ठेवत म्हणायच्या, "मंग त्येनं टायरला चावायचं. मी काय क्येलं हुतं?" मी चहात बिस्कीट बुडवत दोघांकडे आलटून पालटून बघायचे. वाद मिटायचा नाही. शेवटी सर उठायचे, शिट्टी गळ्यात अडकवायचे आणि दाराशी वळून रोज तेच विचारायचे, की येतेस का गाडीतून, एक चक्कर मारून येऊ. आणि काकू रोज तेच सांगायच्या की त्या गाडीत मी मेले तरी बसायची न्हाई. मला ते सगळं भारी गमतीचं वाटायचं.

मग एका थंडीत सरांची व्हॅन गॅरेजला होती. मी घरी निघाले तेव्हा म्हणाले, मला वळणापर्यंत सोड, नुसता उभा राहतो. आम्ही पोचलो त्याच्या थोडंच आधी कुणीतरी एक घोणस चिरडून गेलं होतं. मेलेली होती, तरी अंग अजून वळत होतं. मी मान फिरवली. सर मात्र बघत राहिले. मग गाडीतून न उतरताच समोर बघत म्हणाले, "वैशाली, ते टायर माझंच होतं गं."

मला आधी कळेना, कुठलं टायर. मग त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी ते घोटावड्याच्या बाजारातून परत येत होते. घराजवळच चाकाखाली काहीतरी आलं. उतरून पाहिलं तर ठिपक्याठिपक्यांचं, जाडजूड, बुटकं असं काहीतरी वळवळतंय. सरांना वाटलं, अजगराचं पिल्लू. आपल्याकडे निम्मा तालुका घोणशीला अजगराचं पिल्लू समजतो. सरांनी तर शाळेत पोरांनाही तसंच सांगितलं होतं. आपल्या हातून मुक्या जीवाच्या लेकराला लागलं म्हणून त्यांचा जीव कळवळला. समोरून बस येत होती. ती याला पुरतं मारेल म्हणून त्यांनी गाडीतली छत्री काढली आणि तिच्या टोकानं त्याला हळूच कडेला सारलं. कुठल्या कडेला? तर स्वतःच्या कुंपणाकडे, कारण तीच जवळ होती. "जा बाळा, जा, असं म्हणालो मी त्याला," सर म्हणाले. मग फाटकातून गाडी आत घेतली, पाय धुवायला मोरीवर गेले, आणि तेवढ्यात मालनकाकूंची किंकाळी ऐकू आली.

हे त्यांनी काकूंना कधी सांगितलंच नव्हतं. टायर कुणाचं हे कुणी विचारलं नाही आणि सरांच्या तोंडून ते निघालं नाही. निवृत्त होईपर्यंत मैदानावर शेकडो पोरांना दरडावणारा माणूस, पण बायकोपुढे एक वाक्य बोलायची छाती होत नव्हती. रस्त्यावरचं ते थांबणं, ते न सारणं, ते सगळं त्या एका वाक्याच्या बदल्यात चाललं होतं. आणि रोज गाडीत बस म्हणून मागे लागायचं कारणही तेच. घरात तिच्या तोंडाकडे बघून बोलणं जमणार नाही, म्हणाले, पण गाडीत दोघंही समोर बघत असतो ना... त्या वळणावर गाडी उभी करीन आणि रस्त्याकडे बघत सांगून टाकीन. पण ती बसेल तर शपथ.

मी काय सांगणार? बोलून टाका, एवढंच म्हटलं. सरांना पटलं. तिथून पुढे सुरू झाला तो मुहूर्तांचा गोंधळ. पहिला मुहूर्त भोगीचा. त्या दिवशी ती खुशीत असते, म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर, भाजी इतकी फर्मास झाली होती पोरी, की तोंड रिकामंच झालं नाही. मग लग्नाचा वाढदिवस, तर नेमका मेहुणा मुक्कामाला आला. मग दिवाळी, तर म्हणे पहिल्या आंघोळीच्या दिवशी असलं काही बोलू नये. पुन्हा भोगी आली आणि गेली. मी चिडायचे. म्हणायचे, सर, फॅनबेल्टसाठी तुम्ही अख्खी हिंजवडी थांबवता आणि घरात शब्द फुटत नाही? ते ओशाळे होऊन मिशीवरून हात फिरवायचे. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं, कारण वरवर कितीही हसला तरी हा माणूस त्या एका गोष्टीनं आतून पोखरला होता, हे मला दिसत होतं.

शेवटचे भेटले ते त्याच वळणावर. एक चांगली मोठी घोणस, दोन्ही बाजूंना रांगा, पलीकडच्या टोकाला मिश्राजीची बस. घोणस आली, मध्यावर थांबली, सगळ्यांची परीक्षा बघितली आणि रुबाबात डोंगराच्या बाजूला निघून गेली. सर इतके खुलले होते! माझ्या काचेवर टकटक करून म्हणाले की आता ठरलं, या रविवारी सांगतोच. गाडीत नाही बसली तर अंगणात उभा राहून सांगतो. शिट्टी वाजवून सांगतो. मी म्हटलं, बघते हं. आणि रविवारच्या आदल्या दुपारी काकूंचा फोन आला.

दहाव्याला नदीवर बरीच माणसं होती. सरांचे जुने विद्यार्थी, आता त्यांचीच पोटं सुटलेली. पिरंगुटचा सर्पमित्र. मिश्राजी युनिफॉर्ममध्येच आला होता, ड्युटीवर जाता जाता. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो, तोच कावळा आला आणि शिवूनही गेला. इच्छा काही राहिली नाही मास्तरांची, सगळं समाधानानं झालं, असं म्हणत माणसं पांगली. मी एकटी तिथं उभी. मनात म्हटलं, कावळ्याला काय माहीत? राहिलेली इच्छा मला ठाऊक होती. दुसऱ्या कुणाला सांगितलेली नव्हती, म्हणजे आता ती माझ्या गळ्यात पडली होती. सांगावं तर काकूंना या वयात, या दुःखात, तुमचा पाय तुमच्याच नवऱ्यानं घालवला असं कोणत्या तोंडानं सांगायचं? न सांगावं तर सरांचं ते वाक्य तसंच हवेत राहणार. पुढचे किती दिवस मी त्यांच्या घरावरून नुसतीच गेले. थांबायचा धीर होईना. सरांना इतकी चिडवायचे, आता माझ्यावर आली तेव्हा कळलं.

परवा अखेर गेले. काकू पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले, एक सूप माझ्याकडे ओढून घेतलं. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, काकू, सरांना तुम्हाला एक सांगायचं होतं. त्यांच्या पायाबद्दल... म्हणजे तुमच्या पायाबद्दल... आणि माझी गाडी तिथंच रुतली. काकूंनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"र्‍हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय."

काकू खाली बघून शेंगा सोलत सांगायला लागल्या. त्या दिवशी त्या कुंपणाच्या अल्याडच होत्या. गाडी थांबल्याचं त्यांनी ऐकलं. सरांचा आवाज आला, जा बाळा, जा. त्यांना वाटलं, कुत्र्याचं पिल्लू असेल. मग चावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवीतला साप बघून घोणस म्हटलं आणि सर भिंतीला टेकून मटकन खाली बसले. काकूंना गुंगी होती, पण तेवढं त्यांनी बघितलं, आणि तिथंच सगळं समजलं. म्हणजे इतकी वर्षं! मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? एवढा जीव जळत होता त्यांचा.

"मी बोलले असते तर त्ये माफ कर म्हनले असते," काकू म्हणाल्या. "मी क्येलं असतं. मंग? नोकरी संपल्यावर वरीसभर भित्ताकडं बगत बसल्याले मी बगितलेत त्यास्नी. जेवन न्हाई, बोलनं न्हाई. ह्ये रस्त्याचं लागलं आन् मानूस जागा झाला. सांज झाली की शिट्टी घिऊन निगायचे, येताना धा गोष्टी घिऊन यायचे. माफ क्येलं असतं तर कशाला ग्येले असते तितं? म्हनून गाडीत बसले न्हाई. मी बसले असते तर त्ये बोलले असते."

रोजचं ते भांडण, ती भांड्याची आदळआपट, मी बिस्कीट बुडवत ज्याची मजा बघत होते... सर ज्या वाक्यासाठी गाडीचं दार उघडून धरत होते, ते वाक्य त्यांना बोलावं लागू नये म्हणून ही बाई मेले तरी बसणार नाही म्हणत होती. आणि सापावरचा राग, मी विचारलं, तोही खोटाच? काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सोलापूरहून आले ती बिनडोकच आले. "त्यो खरा हाय," त्या म्हणाल्या. "पाय माजा ग्येलाय." आणि आम्ही दोघीही हसलो. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पदरानं पुसत म्हणाल्या की आता वाटतं, एकदा बसायला पाहिजे होतं. एकदा बोलू द्यायला पाहिजे होतं त्यांना. सांगून मोकळं होऊन मग गेले असते. मीही रडले. सूप मांडीवर घेऊन दोघी तशाच बसलो होतो.

ऊन उतरलं. रस्त्यावर कंपन्या सुटल्याचा गजबजाट सुरू झाला. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "चल, येळ झाली." कसली वेळ ते मी विचारलं नाही. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. पाय ओढत, माझा हात धरून त्या वळणापर्यंत चालत आल्या. तिथं त्यांनी माझा हात सोडला, आणि मी अहो-अहो करेपर्यंत त्या सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात कमरेवर. शेतात गुरं शिरल्यावर उभ्या राहतात तशा.

पहिली दुचाकी करकचून थांबली. मग एक कार, मग आणखी. समोरून मिश्राजीची बस आली. त्यानं काकूंना बघितलं, बस आडवी घातली आणि पिवळे दिवे लावले. मी खाली डांबराकडे बघत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. काही नव्हतं. पानसुद्धा नव्हतं.

दुचाकीवाल्या पोरानं हेल्मेटची काच वर केली. म्हणाला, काकू, साप कुठंय?

"साप न्हाई," काकू म्हणाल्या. "थांब जरा."

पोरगा काय समजला कुणास ठाऊक, त्यानं गाडी बंद केली. त्याच्या मागच्यानंही केली. थोडा वेळ सगळं नुसतं उभं होतं. फक्त पार मागे एका मिक्सरवाल्याला दम निघेना. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलीचना. मी मागे वळून त्याला गप्प करायला निघाले, तर काकूंनी मला हातानं थांबवलं.

"वाजवू दे त्येला," त्या म्हणाल्या. "सरांस्नी सवय हाय."